हरळी, हिरवळ आणि टँकर

गोल्फ या खेळावर माझ्यासारख्या निवृत्त मास्तरणीने लिहावं, याचं आमच्या नातेवाईक मंडळींना हसू येईल. येऊ दे. मला तो खेळ कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. पण मैदान मला कळतं. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल आणि मराठी शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं शाळेच्या बागेचं काम माझ्या गळ्यात होतं. माती, पाणी, गवत आणि त्यावर धावणारी पोरं या विषयावर दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजते. तर आजचा विषय गोल्फच्या मैदानाची निगा, आणि ओघाने आपल्या सोसायट्यांमधलं ते लाडकं लॉन.

आमची लेक अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅले शहराशेजारच्या कॅरी नावाच्या गावी असते. जावयांना गोल्फचा नाद आहे. (लेक त्याला "महागडा विटीदांडू" म्हणते. जावई हसतात आणि खेळायला जातात.) २०२४ च्या जूनमध्ये मी तिकडे होते, आणि तेव्हाच त्यांच्या घरापासून दीड तासावर पाइनहर्स्ट नावाच्या गावी यू. एस. ओपन ही मोठी स्पर्धा चालू होती. चार दिवस घरातला टीव्ही त्यालाच वाहिलेला. ब्रायसन डीशँबो नावाचा खेळाडू शेवटच्या होलवर वाळूतून चेंडू मारून जिंकला, तेव्हा जावई सोफ्यावरून उठून उभे राहिले. मी मात्र पूर्ण वेळ खेळाडूंच्या पायाखाली बघत होते. कारण जगातल्या इतक्या नावाजलेल्या मैदानावर मधोमध एक हिरवा पट्टा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चक्क उघडी वाळू, गवताचे झुबके, पाइनच्या सुया. आमच्या आटपाडीकडचं माळरानच जणू, फक्त बोरी-बाभळींच्या जागी पाइन. मी जावयांना विचारलं, "अहो, एवढी श्रीमंत मंडळी, पाणी कमी पडलं का?" तर म्हणाले, "आई, त्यांनी मुद्दाम काढून टाकलंय गवत."

मुद्दाम काढून टाकलंय! मग काय, पुढचे पंधरा दिवस मी त्या विषयाच्या मागे लागले, आणि शेवटी ऑक्टोबरात परत येण्याआधी ती जागा जाऊन बघून आले.

त्या गावाची कथा थोडक्यात सांगते. १८९५ साली जेम्स वॉकर टफ्ट्स नावाच्या बोस्टनच्या गृहस्थाने (सोडा फाउंटनच्या धंद्यात पैसा मिळवलेला माणूस) तिथली जवळपास ५,८०० एकर जमीन घेतली. स्वस्तात मिळाली, कारण पाइनची झाडं तोडून झाली होती आणि खाली उरली होती नुसती वाळू. हवापालटाचं गाव वसवायचं म्हणून घेतलेल्या त्या जागेत गोल्फ शिरला. १९०० साली डोनाल्ड रॉस नावाचा स्कॉटिश माणूस तिथे आला तो १९४८ साली मरेपर्यंत तिथलाच झाला. त्याचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे 'नंबर दोन' हे मैदान, १९०७ सालचं. तेव्हा मधल्या पट्ट्याला, ज्याला फेअरवे म्हणतात, गवत होतं, आणि भोवताली जमीन जशी होती तशी. गंमत म्हणजे चेंडू भोकात घालायची जी अगदी गुळगुळीत जागा असते, जिला 'ग्रीन' म्हणतात, तीसुद्धा १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाळूचीच होती! नाव हिरवं आणि रंग वाळूचा.

पुढे काय झालं असेल हे तुम्ही ओळखलं असेलच. रंगीत टीव्ही आला. ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेतलं हिरवंगार मैदान दर एप्रिलला घराघरांत दिसू लागलं, आणि प्रत्येक क्लबाचा सभासद आपल्या क्लबाच्या माणसाला विचारू लागला, आपलं असं का नाही? तिकडच्या मैदान राखणाऱ्यांनी या दुखण्याला 'ऑगस्टा सिंड्रोम' असं नावच दिलं आहे. (शेजाऱ्याचा सोफा बघून आपला सोफा जुना वाटायला लागतो, त्यातलाच प्रकार. सिंड्रोम कसला, हेवाच तो.) पाइनहर्स्टलाही नळ वाढले, फवारे वाढले, गवत एका झाडीपासून दुसऱ्या झाडीपर्यंत पसरलं. दिसायला छान. पण रॉसचं मैदान त्याखाली गाडलं गेलं.

मग २०१० ते २०११ या काळात बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीला ते पूर्ववत करायला बोलावलं. त्यांनी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. १९४३ सालचे विमानातून काढलेले फोटो शोधले. जमिनीतली पाण्याची जुनी मुख्य नळी शोधली. जुन्या काळी फेअरवेच्या मधोमध एकच नळी असे. तिच्या फवाऱ्याचं पाणी जिथवर पोचे तिथवर हिरवं, त्यापुढे विरळ, त्यापुढे वाळू. म्हणजे मैदानाची कड कुणी रेघ मारून ठरवली नव्हती, पाण्याने ठरवली होती! भूगोलाच्या बाईला यापेक्षा सुंदर गोष्ट काय सांगावी? त्या नळीच्या आधाराने त्यांनी फेअरवे पुन्हा आखले, ३५ ते ४० एकरांवरचं गवत खरवडून काढलं, आणि तिथे त्या भागातलंच, झुबक्याने वाढणारं वायरग्रास लावलं. सुमारे अकराशे फवारे होते, त्यातले साडेचारशे ठेवले.

पाण्याचा हिशोब मी आपल्या मापात करून बघितला. वर्षाला साडेपाच कोटी गॅलन लागायचं ते दीड कोटीवर आलं. अमेरिकी गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या जरा वर. म्हणजे वीस कोटी लिटरच्या पुढचा आकडा सहा कोटींच्या आत आला. आपला दहा हजार लिटरचा टँकर धरला तर वर्षाला पंधरा हजार टँकर वाचले. एका मैदानाचे!

आणि खेळ बिघडला का? २०१४ साली त्याच मैदानावर लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि बायकांची अशा दोन्ही यू. एस. ओपन झाल्या, असं पहिल्यांदाच घडलं. मार्टिन कायमर आणि मिशेल वी जिंकले. लोकांनी नाकं मुरडलीच. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा अध्यक्ष नव्हते, पण गोल्फ मैदानांचे मालक होते. त्यांनीही ट्विटरवर त्या रूपाला नावं ठेवली. ठेवू देत. २०२४ ची स्पर्धा तिथेच झाली, आणि २०२९ चीही तिथेच ठरलेली आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं झालं श्रीमंतांचं. बरोबर आहे. त्या मैदानावर एक दिवस खेळायला शेकड्यांनी डॉलर मोजावे लागतात. तिथे पाऊस वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या वर पडतो आणि बारा महिने वाटून पडतो, आमच्या आटपाडी-जतकडे त्याच्या निम्माही नाही. शिवाय उघडी वाळू ठेवली म्हणजे काम संपलं असंही नाही. नको ते तण तिथे उगवतं आणि ते हाताने वेचावं लागतं. यंत्र फिरवून भागत नाही. साधेपणा फुकट मिळत नाही, एवढं खरं.

पण मला तिथे सगळ्यात जास्त आवडली ती मुख्य मैदानाची शान नव्हे, सरावाची जागा. तिला 'मेनिअॅक हिल' म्हणतात, म्हणजे वेड्यांची टेकडी! अमेरिकेतल्या अगदी पहिल्या खास सराव-मैदानांपैकी ती एक, १९१३ च्या सुमाराची. चेंडू मारत बसणारी ती वेडी मंडळी बघून ज्याने नाव ठेवलं त्याला दाद द्यायला हवी.

सरावाच्या जागेची निगा ही मुख्य मैदानापेक्षा अवघड असते, हे मला जावयांनी समजावलं आणि ते लगेच पटलं. मैदानावर माणूस एका जागी एकदा चेंडू मारतो आणि पुढे जातो. सरावाला तो एकाच जागी उभा राहून पन्नास-साठ वेळा मारतो. दर फटक्याला दांड्याच्या टोकाने मुळासकट गवताची चकती उडते, तिला डिव्हट म्हणतात. दिवसाला शंभर माणसं आली तर तुम्हीच हिशोब करा. म्हणून तिथे काय करतात, की सरावाच्या पट्ट्याचे भाग पाडतात, दोरी लावतात, आणि दोरी सतत मागेपुढे सरकवत राहतात. आज इथे मारा, उद्या तिथे. वापरलेला भाग विश्रांतीला. खड्ड्यांत वाळू भरायची. आणि मारणाऱ्यालाही एक शिस्त सांगतात, की चेंडू इकडे तिकडे ठेवून मारू नका, आधीच्या चकतीच्या लगेच मागे ठेवा. म्हणजे एक अरुंद सरळ रेघ उघडी पडते आणि दोन्ही बाजूंचं गवत धुमारे टाकून ती बुजवतं. विस्कळीत मारलं तर उगाच जास्त गवत जातं, आणि मधे काही न ठेवता खरवडलं तर मोठं टक्कल पडतं, ते लवकर भरत नाही.

हे ऐकताना मला आमच्या शाळेतले पी. टी. चे सर आठवले. ते दर सत्राला लंगडी आणि खो-खोची आखणी मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचे. मुलं कुरकुरायची, कारण सावली जुन्या कोपऱ्यात असायची. सर फक्कीचं घमेलं घेऊन उभे, आणि म्हणायचे, जमीन दमलीय, तिला झोपू द्या. त्यांनी गोल्फचं मैदान आयुष्यात पाहिलं नसणार.

आणि ते गवत कुठलं ठाऊक आहे? तिकडे त्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात. जातिवंत संकर केलेले वाण असतात, त्याची नर्सरी असते, संशोधन केंद्रं असतात. पण मूळ कूळ आपल्या हरळीचं! होय, तीच हरळी. जी आपण गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो आणि शेतात दिसली की कुदळ घेऊन मागे लागतो. माझ्या वडिलांनी अर्धं आयुष्य हरळी खणण्यात घालवलं. तिचा गुण असा की पाणी तोडलं तर ती पिवळी पडते, वाळल्यासारखी दिसते, पण मरत नाही. खाली गाठी जिवंत असतात. पहिल्या पावसाला उठून उभी. तिकडे ती थंडीत झोपते, आपल्याकडे उन्हाळ्यात. तिला झोपू न देणारे क्लब तिकडे पुष्कळ आहेत. हरळी पिवळी पडली की तिच्यावर थंडीतल्या गवताचं बी टाकून मैदान बारमाही हिरवं ठेवतात. म्हणजे पुन्हा पाणी, पुन्हा खत, पुन्हा कापणी.

मुख्य इमारतीच्या समोरच २०१७ साली त्यांनी 'द क्रेडल' म्हणजे 'पाळणा' नावाचं एक छोटं मैदान केलं आहे. नऊ होल, सगळी मिळून लांबी फक्त ७८९ यार्ड. मोठ्या मैदानावर कधी कधी दीड होलातच एवढी लांबी संपते. तिथे पोरंटोरं, आज्या-आजोबा, नवशिके, सगळे. आमची नात तिथे दोन दांडे घेऊन नाचत होती. क्लबाची सगळ्यात दर्शनी जागा, आणि ती दिली शिकणाऱ्यांना! आपल्याकडे दर्शनी जागेत कारंजं बसवतात.

तर माझं म्हणणं एवढंच, की पाणी आणि मेहनत तिथे घालावी जिथे पाय पडतात. जे गवत झिजतं त्याची निगा राखावी. जे नुसतं बघायचं आहे त्याला जगण्यापुरतं मिळालं तरी पुष्कळ. आपण बरोबर उलटं करतो.

आठवतंय का २०१६? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन गेली. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, कारण खेळपट्ट्यांना आणि मैदानांना लागणारं पाणी. साठ लाख लिटरचा आकडा तेव्हा बातम्यांत फिरत होता. लोकांचा राग रास्तच होता. पण त्याच उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या लॉनवर संध्याकाळी नळ्या चालू होत्या, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. निदान त्या मैदानांवर कुणीतरी खेळत तरी होतं!

आता आमच्या सोसायटीकडे येते. (नाव लिहीत नाही. शेजाऱ्यांशी जन्म काढायचाय.) आमच्याकडे प्रवेशदारापाशी चार गुंठ्यांचं लॉन आहे. 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी आहे, आणि ती पाळली जाते. त्या गवतावर माळीकाका सोडून कुणाचाही पाय पडत नाही. मुलं खेळतात पार्किंगमध्ये, दोन रांगांतल्या गाड्यांच्या मधे, आणि चेंडू गाडीला लागला की वॉचमन ओरडतो. मागच्या बाजूला एक मोकळी जागा होती. तिथे आता जुन्या टाईल्स, रंगाचे डबे आणि कुणाचा तरी मोडका पाळणा आहे.

चार गुंठे म्हणजे चारशे चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. (हे सातवीच्या वर्गात मी पावसाच्या धड्याला सांगायची आणि मुलांचे डोळे मोठे व्हायचे.) एप्रिल-मे महिन्यात लॉन हिरवं राखायचं तर रोज पाच मिलिमीटर तरी हवं. म्हणजे रोज दोन हजार लिटर, आणि दर पाच दिवसांनी एक टँकर. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यालाही टँकर येतो, त्याच पाइपाने. "एसटीपीचं पाणी वापरतो," असं कमिटी म्हणते. चांगलंच आहे, वापरावं. पण तो प्रक्रिया प्रकल्प महिन्यातले किती दिवस चालू असतो ते वास सांगतो.

यंदाच्या वार्षिक सभेपुढे प्रस्ताव आला आहे. जुनं लॉन काढून गालिच्यासारखं नवं लॉन, आपोआप वर येणारे फवारे, आणि एका कोपऱ्यात, हसू नका, पुटिंग ग्रीन! प्लॅस्टिकच्या गवताचं. काही मंडळींना वाटतं माझा याला विरोध असणार. मुळीच नाही. पुटिंग ग्रीनवर निदान कुणीतरी उभं राहील. फक्त प्लॅस्टिकचं गवत मे महिन्याच्या दुपारी किती तापतं ते अनवाणी उभं राहून बघावं आणि मग ठरवावं. माझा विरोध आहे तो गालिच्याला.

एक सभासद मला लिफ्टमध्ये म्हणाले, "बाई, लॉन पिवळं दिसलं तर फ्लॅटची किंमत पडते." मी म्हटलं, "पार्किंगमध्ये मूल गाडीखाली आलं तर चढते का?" जरा जास्तच बोलले खरी, पण शब्द परत घेणार नाही. माणसं फ्लॅट बघायला येतात तेव्हा हिरवळ बघतात हे मान्य. पण राहायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात विचारतात, मुलं कुठे खेळतात? आणि त्याचं उत्तर आमच्याकडे नाही.

म्हणून मी कमिटीला पत्र दिलं आहे. प्रवेशाशी फक्त वाटेच्या दोन्ही बाजूंना हाताएवढी हिरवी पट्टी ठेवा. उरलेल्या जागेत साधी हरळी येऊ द्या, मे महिन्यात झोपली तर झोपू द्या, आणि ती पाटी काढा. दोन भाग करा. एक खेळायला, एक विश्रांतीला, दर दोन महिन्यांनी अदलाबदल. चेंडूसाठी रस्त्याच्या बाजूला जाळी लावा, फवाऱ्यांपेक्षा स्वस्त पडेल. मागच्या जागेतला कचरा काढा, तिथे पोरांना क्रिकेटचा नेट बांधता येईल.

माळीकाकांना मी आधी विचारून घेतलं होतं, कारण राबणार ते. ते उस्मानाबादकडचे. (आता धाराशिव म्हणायचं, पण ते स्वतः अजून उस्मानाबादच म्हणतात.) हरळीचं नाव काढल्यावर ते हसायलाच लागले. म्हणाले, "बाई, लहानपणी बापानं हिच्यासाठी मारलंय मला. रानात एक काडी राहिली तरी मार. आन् हितं तुमी ती लावाया सांगताय." मग थोडा वेळ जागा न्याहाळत उभे राहिले. म्हणाले, "एक ब्रास वाळू लागंल खड्डे भराया. आन् पहिल्या पावसात महिनाभर पोरं एका अंगाला ठिवा. मग ती मरत न्हाई. कुनी काई बी करू द्या."

सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. कोरम भरत नाही म्हणून अर्धा तास तहकूब होईल, हे नेहमीचंच. त्या अर्ध्या तासात माळीकाका आणि मी लॉनचे दोन भाग आखून दाखवणार आहोत. फक्कीची पिशवी कालच आणून ठेवली आहे.